डिकीला लावलेलं मुसळ

आमच्या गाडीची डिकी वर राहत नसे. म्हणजे उघडायची, वर जायची, जरा थांबायची, आणि मग एखाद्या म्हाताऱ्याला बसल्या बसल्या डुलकी लागावी तशी हळूहळू खाली यायची. सुरुवातीला हळूहळू. पुढं पुढं धाडकन.

गाडी म्हणजे व्हॅन. ह्यांच्या कंपनीतल्या एका साहेबांनी वापरून वापरून सोडलेली, ती आम्ही घेतली. पण आमच्या आळीत तेव्हा गाडी असलेली घरं मोजकीच, त्यामुळं जुनी असली तरी आमची छाती फुगलेली. तिचं मागचं दार, म्हणजे डिकी, वर उचलायची होती, आणि तिला दोन बाजूंना दोन दांडे होते. काळी नळी, आणि तिच्यातून सरकत बाहेर येणारा चकचकीत दांडा. गॅरेजवाले त्यांना शॉकर म्हणायचे. "त्यात गॅस कोंडलेला असतो, तो डिकी उचलून धरतो," असं ह्यांनी मला गाडी आणली त्याच दिवशी समजावलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. एवढंसं ते बोटभर जाडीचं, आणि एवढं जड दार डोक्यावर घेऊन उभं राहायचं!

म्हणून काय केलं मी, तर दसऱ्याला गाडीची पूजा करताना स्टेअरिंगला, चाकांना हळदीकुंकू लावलंच, पण त्या दोन दांड्यांना सगळ्यांत जास्त लावलं. पाण्यात कालवून, बोटानं, चांगलं ठसठशीत. वर अक्षता चिकटवल्या. दर दसऱ्याला हे असं. हे कधीमधी त्यावर माझ्या शिवणाच्या मशीनचं तेल सोडायचे आणि म्हणायचे, "मेंटेनन्स पाहिजे." झाला आमचा मेंटेनन्स.

आता मुसळाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या शेजारी एक कुटुंब राहायला आलं होतं, जासईकडचं. त्यांची तिकडची शेती कंटेनरच्या गोदामांसाठी गेली, मग त्यांनी पनवेलात घर बांधलं. घर मोठं, दुमजली, आमच्या घरावर त्याची सावली पडायची. पण ती बाई मात्र होती तशीच राहिली. पहाटे उठून अंगणात पाणी मारणार, सुकट वाळत घालणार, आणि भिंतीवरून मला हाक मारणार, "काय गो बाय, उठलीस का नाय?" माझ्यापेक्षा थोडी मोठी, मी तिला ताई म्हणायची. तिनं घर बदलताना तिकडून फारसं काही आणलं नव्हतं. एक उखळ आणलं होतं, आणि एक मुसळ. शिसवीचं, काळंभोर, खालच्या टोकाला लोखंडी कडं. सासूच्या हातचं. मला एकदा म्हणाली होती, "जमीन गेली, भात गेला. आता कांडायचा काय रायलाय? पन हा मुसल रायला. घरान कोनाचा लगीन निघाला का हलद याच्यानच कुटायची."

आमच्या मुलाची मुंज ठरली तेव्हा घाणा भरायला मुसळ हवं. आंब्याची पानं आणि हळकुंड बांधून सवाष्णींनी ते हातात धरायचं असतं, उखळात चार घाव घालायचे, ओव्या म्हणायच्या. आमच्याकडं कुठलं मुसळ? आमच्याकडं मिक्सर. मी भिंतीवरून मागितलं, आणि तिनं लगेच दिलं. देताना त्याला हात लावून नमस्कार केला, मग माझ्या हातात ठेवलं. "जपून गो," एवढंच म्हणाली.

मुंज छान झाली. सगळं सामान व्हॅनमधून घरी आलं. पातेली, उरलेले लाडू, चौरंग, आणि मुसळ. घराशी येऊन ह्यांनी डिकी उघडली आणि पातेलं उचलायला आत वाकले, तोच डिकी आली खाली, ह्यांच्या पाठीत. हे "आई गं" करून ओरडले. मी धावले. डिकी वर ढकलली तर पुन्हा खाली. पुन्हा ढकलली, पुन्हा खाली. दांड्यांत दमच उरला नव्हता. ह्यांनी इकडंतिकडं बघितलं, हाताला मुसळ लागलं, ते उभं केलं, कडं खाली, लाकूड वर, आणि डिकी त्यावर टेकवली. काय सांगू, मापानं करून घेतल्यासारखं बसलं.

"उद्या शॉकर बदलून घेतो," हे म्हणाले.

तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडं उद्या म्हणजे काय. वस्तू चालत नसेल तर ती दुरुस्त होते. वस्तू कशीबशी चालायला लागली की मग ती तशीच चालते, वर्षानुवर्षं. माझं माहेर आपट्याचं. तिकडून तांदळाचं पोतं आणायचं असो, बाजारातून सामान आणायचं असो, डिकी उघडली की मुसळ उभं. मी म्हणायची, "अहो, ताईचं द्यायचंय ते परत." हे म्हणायचे, "तिला कुठं रोज लागतंय? तिच्या घरी लग्न निघालं की देऊ." पुढं एकदा पावसात मुसळ डिकीच्या रंगावरून सटकलं, तेव्हा ह्यांनी त्याच्या वरच्या टोकावर रबराचा तुकडा बसवला, आणि त्याची कड खाली वळवून बाजूनं खिळा ठोकला. पकड चांगली बसली. मला दोन दिवसांनी नीट बघितल्यावर कळलं की रबर कसलं आहे ते. ह्यांच्या जुन्या स्लीपरची टाच.

"अहो! हे काय! त्याची पूजा करतात ती माणसं!"

"अगं, काढू की द्यायच्या वेळी. एकच तर खिळा आहे."

तेव्हापासून भिंतीपलीकडून हाक आली की ओ द्यायची, पण नजर गाडीकडं जायची. तिच्या अंगणातून आमची गाडी दिसायची, पण डिकी मागच्या बाजूला, रस्त्याकडं. तेवढंच बरं होतं.

मग तिच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं.

भिंतीवरून तिनंच आनंदानं सांगितलं. आणि वर म्हणाली, "बाय, माजा मुसल दे हा. हलदीला लागंल. आनि पाच सवाष्णी बसवायच्या त्यान तू हाय. नाय म्हनू नको."

मी कशाला नाही म्हणेन? पाच सवाष्णींत घरच्या, नात्यातल्या बायका बसवतात. तिनं मला बसवलं म्हणजे मला तिच्या घरचं मानलं. मी म्हटलं, "देते ताई. स्वच्छ धुऊनपुसून देते." आणि घरात येऊन ह्यांच्या मागं लागले. आधी नवे शॉकर आणा, मग मुसळ काढा, खिळा उपटा, धुवा, तेल लावा. हे हो हो म्हणाले. आणि वर त्यांनी ताईच्या घरी जाऊन सांगून टाकलं की हळदीच्या दिवशी बाजारातून नारळ, केळीची पानं, फुलं, सगळं आमच्या गाडीतून आणू. म्हणजे मुसळ हळदीच्या सकाळपर्यंत गाडीतच लागणार!

"परत आलो की आधी मागच्या दारी गाडी घेतो," हे म्हणाले, "पकडीनं खिळा काढतो, तू धू, आणि भिंतीवरून दे. कुणाला पत्ता लागणार नाही."

हळदीच्या दिवशी हे सकाळीच बाजारात गेले आणि उशीर झाला. फुलवाल्यानं थांबवून ठेवलं. इकडं मांडवात बायका जमलेल्या, हळकुंडं उखळात टाकलेली, धवले, म्हणजे त्यांच्याकडची लग्नाची गाणी, गाणारी म्हातारी उखळाशेजारी बसून सूर लावत होती. मी नवी साडी नेसून त्या पाचजणींत बसलेली, आणि कान रस्त्याकडं. ताई तीनदा म्हणाली, "मुसल कुठं ऱ्हायला गो?" मी तीनदा म्हटलं, "येतंय, येतंय."

गाडी आली. मागच्या दारी नाही. उशीर झालेला बघून मांडवातली पोरंटोरं, बाप्ये सगळे धावले, "इकरं घ्या, इकरं घ्या" म्हणत ह्यांना त्यांनी गाडी थेट मांडवाच्या तोंडाशी उलटी लावायला लावली. हे खाली उतरले. माझ्याकडं एकदा बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. पण सगळे नारळांसाठी हात पुढं करून उभे. ह्यांनी डिकी उघडली, आणि सवयीनं, हो, निव्वळ सवयीनं, मुसळ उचलून उभं केलं.

सगळ्या बायकांचं तोंड तिकडंच होतं. गाणं थांबलं.

धवले गाणारी म्हातारी डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "तो मुसल हाय का? त्याचे डोस्क्यावर काय हाय?"

कुणीतरी जवळ जाऊन बघितलं. "चपल हाय गो आये. चपलेची टाच."

"मुसलाला चपल?"

मागून एकजण खुसकन हसली. "बरा हाय की. मुसल चालाया लागला. आता परत चालत घरी जाईल."

बाकीच्यांनी हसू दाबलं. ताई हसली नाही. ती उठली, गाडीपाशी गेली, दोन्ही हातांनी मुसळ धरलं आणि काढून घेतलं. डिकी खाली आली. ह्यांनी ती दोन्ही हातांवर झेलली, अर्धी डोक्यावर. दोन-चार नारळ घरंगळत मांडवात गेले. आणि मग सगळं सामान उतरेपर्यंत हे तसेच उभे राहिले, डिकी डोक्यावर धरून, कारण सोडली तर सामान काढणाऱ्यांच्या पाठीत बसली असती. येणारा-जाणारा म्हणे, "भाऊ, मांडवाला खांब कमी पडला का काय?" हे कसंनुसं हसत होते. नवा सदरा खांद्याशी उसवला होता.

मी गाडीच्या सीटखालून पकड आणली. ताईच्या समोर बसले आणि खिळा ओढायला लागले.  रबर निघालं, पण खिळ्याचं डोकं तुटून पकडीत आलं आणि खिळा लाकडात तसाच राहिला, जरासा वर आलेला. सगळ्या बायका बघत होत्या. मी मान वर केली नाही. माझ्या मांडीवर, नव्या साडीवर, तो स्लीपरचा तुकडा पडलेला.

"ऱ्हाऊ दे," ताई म्हणाली. माझ्या हातातून मुसळ घेतलं. नळाखाली धुतलं, हळदीचा लेप दिला, आंब्याची पानं बांधली. बांधताना खिळ्यावरच बांधली, दोऱ्याचे चार वेढे जास्त घेऊन, म्हणजे ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांना कधी दिसलं नसतं. मग सवाष्णींना बसायला सांगितलं. मी पुढं सरकले.

"तू नको," ती म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. "तू भाऊंना बघ. दमलं असतील."

माझ्या जागी तिची भाची बसली. म्हातारीनं पुन्हा सूर लावला. मी मांडवाबाहेर गाडीशी येऊन उभी राहिले. आत मुसळाचे घाव पडत होते, आणि प्रत्येक घाव ऐकू येत होता. हळदीला माणसं इतकी, गाणी इतकी, जेवणं इतकी, पण मला त्या दिवसाचं आठवतं ते एवढंच.

लग्न पार पडलं. ताईनं आहेर दिला, आम्ही दिला. बोलणं बंद झालं नाही, पण भिंतीवरची हाक बंद झाली. समोरासमोर आली तर विचारायची, "बरं हाय ना?" मी म्हणायची, "बरं आहे." संपलं. ह्यांनी डिकीला एक बांबू आणून लावला. तो दिसला की मी तोंड फिरवायची. एक दिवस मी ह्यांना सरळ सांगितलं, "नवे शॉकर येईपर्यंत मी ह्या गाडीत बसणार नाही. बाजाराला चालत जाईन, आपट्याला एसटीनं जाईन." आणि गेलेही. तेव्हा कुठं ह्यांनी टपाल नाक्याजवळच्या दुकानात सांगून मुंबईहून शॉकर मागवले.

ते आले एका पाकिटात, वर चित्र. "गॅरेजला कशाला? दोन तर क्लिपा आहेत," हे म्हणाले. ह्या वेळी मला पटलं. गॅरेजला न्यायचं म्हणजे पुन्हा चारचौघांत ती डिकी उघडायची. रविवारी सकाळी घराशीच काम काढलं. पण डिकी पूर्ण वर असल्याशिवाय नवा शॉकर बसत नाही, तो हातानं दाबला जात नाही इतका कडक. म्हणजे कुणीतरी डिकी धरायला पाहिजे. आणि बांबू नेमका आदल्या दिवशी उभा चिरला होता.

"मी धरते," म्हटलं.

पदर खोचला, दोन्ही हात वर केले, आणि धरली. ह्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं एका बाजूची क्लिप उचलली आणि जुना शॉकर काढून माझ्या पायाशी ठेवला. मी खाली बघितलं. दांडा जिथं नळीत जातो तिथं लालसर गोल कडं जमलेलं, तेलात कालवलेल्या कुंकवाचं, वाळून दगड झालेलं. त्यात तांदळाचा एक दाणा घट्ट अडकला होता. आणि दांड्यावर खालीवर ओरखडेच ओरखडे. गॅस अडवणारं रबर आतून कशानं कापलं, ते मला कुणी सांगायची गरज पडली नाही. ज्याला चपला लावायला नको होत्या त्याला चपला लावल्या, आणि ज्याला पूजा नको होती त्याची पूजा केली.  हे क्लिप शोधत होते, ती उडून गटाराशी गेली होती.

हात भरून आले. डिकी हळूहळू डोक्यावर यायला लागली.

"अहो, लवकर!"

"अगं, धर जरा, क्लिप मिळत नाही."

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. "आज तू खांब का?"

ताई होती. बाजारातून आली होती, हातात माशांची पिशवी. मला मान वळवता येईना. मी म्हटलं, "शॉकर बसवतोय ताई. नवे." आवाज असा आला जसं काही मी रडते आहे. रडत नव्हते, डिकीचं वजन होतं. काही प्रमाणात वजन होतं.

ती आपल्या घरात गेली. मला वाटलं, गेली. परत आली तेव्हा खांद्यावर मुसळ होतं.

"नको, ताई," मी जोरात म्हटलं. "ते नको. मी धरते. नको."

"गप ऱ्हा." तिनं कमरेला खोचलेला जुन्या साडीचा धडपा काढला, मुसळाच्या टोकाला गुंडाळला, आणि ते माझ्या शेजारी उभं करून डिकीला टेकवलं. "तो खिला हाय ना अजून त्याच्यान. फडका धरून ठेवंल. सरकायचा नाय. सोड हात."

माझे हात सुटेनात. तिनंच एकेक बोट सोडवलं.

मग ती तिथंच उभी राहिली, काम होईपर्यंत. ह्यांनी पहिला शॉकर उलटा लावला. मी पाकिटावरचं चित्र बघत होते. मला शाळा फार नाही, इंग्रजी तर मुलाच्या पुस्तकांवरून पुढं शिकले, पण चित्र कळत होतं. "नळी वर, दांडा खाली पाहिजे," मी म्हटलं. ह्यांनी काढून परत लावला. दुसरा नीट लागला. दोन्ही लागल्यावर आम्ही तिघंही डिकीकडं बघत उभे राहिलो. मुसळ काढायचं कुणी? हे काढेनात, मी काढेना. शेवटी ताईनं काढलं. डिकी जागची हलली नाही.

"आता नव्याला कुकू नको लावू," ती जुन्या शॉकरकडं बोट दाखवून म्हणाली. तिलाही दिसलं होतं तर! मला पुन्हा तोंड लपवावंसं वाटलं.

मुसळ खांद्यावर घेऊन ती निघाली, आणि तिच्या दारात पोचल्यावर वळून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाय! धाकटीची हलद माघ महिन्यान हाय. पाचीत तू हाय. हात सोच्छ धुवून ये."

मी गेले. हात धुतले, दोनदा धुतले. ह्या वेळी पाचजणींत बसले, मुसळाला हात लावला. मी त्या सगळ्यांत उंच, म्हणून माझा हात सगळ्यांत वर, पानं बांधली होती तिथंच. घाव पडायला लागले तसा पानांखालचा तो खिळा माझ्या तळहाताला लागत राहिला. हात खाली सरकवायला जागा होती. मी सरकवला नाही. म्हातारी गात होती, बाकीच्या मागून म्हणत होत्या. मीही म्हणत होते, पण खाली उखळात बघून.